संगीताच्या तासाला गणिताची साक्ष कशाला?

शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास असावा की नसावा, हा वाद कॅनडात अधूनमधून पेटत असतो, आणि पेटतो तो बहुधा अंदाजपत्रकाच्या हंगामात. १९९० च्या दशकात ऑन्टारिओ प्रांतात माइक हॅरिस यांच्या सरकारने शाळांच्या खर्चाला कात्री लावली, तेव्हा ज्यांच्यावर गदा आली त्यांत संगीताचे खास शिक्षकही होते. अशा प्रत्येक वेळी संगीताच्या बाजूने उभे राहणारे लोक एकच पुरावा पुढे करतात: संगीत शिकणाऱ्या मुलांचे गणित सुधारते, बुद्ध्यंक वाढतो, परीक्षेत गुण जास्त पडतात. समोरचे लोक शांतपणे उत्तर देतात की गणितच सुधारायचे असेल तर तो तास गणितालाच द्या. हा वाद दोन्हीकडून वाईट रीतीने लढवला जातो आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि अधिक नुकसान संगीताच्या कैवाऱ्यांनीच केले आहे. ज्या विषयाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नाही, त्याची केस पहिल्याच तारखेला हरलेली असते. संगीत शाळेत हवे ते कानाच्या शिक्षणासाठी. डोळ्याला वाचायला शिकवणे ही जशी सार्वजनिक जबाबदारी आपण मानली, तशीच कानाला ऐकायला शिकवणे हीसुद्धा सार्वजनिक जबाबदारी आहे. हे म्हणणे सर्वांत धीटपणे मांडणारा माणूस कॅनडाचाच होता. संगीतकार आणि शिक्षक आर. मरे शेफर (१९३३ ते २०२१) यांचे नाव मात्र या वादात अपवादानेच निघते.

उसन्या कारणांची ही परंपरा जुनी आहे. अमेरिकेत बॉस्टन शहराने १८३८ मध्ये संगीतशिक्षक लोवेल मेसन यांच्या खटपटीमुळे सार्वजनिक शाळांत गायन आणले, तेव्हा समितीने संगीत हे बुद्धीला, नीतीला आणि शरीराला हितकर असल्याची कसोटी लावली होती. गाण्याने फुप्फुसे बळकट होतात हाही त्यातला एक मुद्दा. कॅनडात शिक्षण अधीक्षक एगर्टन रायरसन यांनी १८४६ च्या आपल्या अहवालात शाळांसाठी गायनाची शिफारस केली, तीही मुख्यतः सद्वर्तनाच्या आणि सुसंस्कारांच्या आशेने. त्या त्या काळाला ज्याची धास्ती होती, त्यावरचा उतारा म्हणून संगीत पुढे केले गेले. एकोणिसाव्या शतकाला अनीतीची धास्ती होती, आपल्या शतकाला मागे पडण्याची आहे. १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोझार्टची रचना दहा मिनिटे ऐकल्यावर महाविद्यालयातल्या ३६ विद्यार्थ्यांची आकार आणि अवकाश यांविषयीच्या कोड्यांतली कामगिरी थोड्या वेळापुरती सुधारली, एवढाच त्याचा निष्कर्ष होता. त्या एवढ्याशा निष्कर्षाचा इतका फुगा झाला की १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर झेल मिलर यांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका पोचवण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले. पुढे तो परिणाम इतरांच्या प्रयोगांत नीटसा टिकला नाही. फुगा फुटला, पण युक्तिवादाची सवय गेली नाही.

आता गणिताचा दाखला देणाऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा आधी मान्य करतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या प्रांतातल्या सार्वजनिक शाळांतल्या १,१२,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला की माध्यमिक शाळेत संगीत घेतलेल्या मुलांचे गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तिन्ही विषयांतले गुण इतरांपेक्षा चांगले आहेत, आणि घरची आर्थिक स्थिती व आधीचे गुण लक्षात घेतले तरी हा फरक उरतो. त्याआधी २००४ मध्ये टोरांटोचे मानसशास्त्रज्ञ ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चिठ्ठ्या टाकून गट केले. काहींना वर्षभर संगीत शिकवले, काहींना नाट्य, काहींना काहीच नाही. संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७ गुणांनी वाढला, बाकीच्यांचा सुमारे ४ गुणांनी. हे दोन्ही अभ्यास गंभीर आहेत आणि त्यांची टर उडवण्याचे मला कारण दिसत नाही.

पण हे पुरावे नेमके काय सिद्ध करतात ते शेवटपर्यंत पाहायला हवे. शेलेनबर्ग यांच्या प्रयोगात नाट्य शिकलेल्या मुलांचे समाजातले वागणे सुधारले, संगीत शिकलेल्यांचे तसे सुधारले नाही. मग सामंजस्य हवे असलेल्या शाळेने संगीत काढून नाटक ठेवावे काय? ब्रिटिश कोलंबियाच्या अभ्यासात वाद्यवादन करणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा संबंध गाणाऱ्या मुलांपेक्षा ठळक दिसतो. मग वृंदगान बंद करून सगळा पैसा क्लॅरिनेटवर लावावा काय? आणि उद्या एखाद्या अधिक काटेकोर अभ्यासाने दाखवून दिले की संगीताचा गणिताशी काडीचाही संबंध नाही, तर आज हे आकडे मिरवणारे लोक संगीताच्या वर्गाला स्वतःच्या हाताने कुलूप लावणार आहेत का? ते लावणार नाहीत हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्यांनाही. म्हणजे ज्या कारणासाठी त्यांना संगीत हवे आहे ते कारण ते सांगतच नाहीत, आणि जे सांगतात त्यावर त्यांचा स्वतःचाही मुक्काम नाही. शाळा मंडळाच्या बैठकीत बसलेल्या हिशेबी माणसाला हे समजत नसेल असे मानणे भोळेपणाचे आहे. इतिहासाच्या तासाला कोणी विचारत नाही की त्याने भूमितीचे गुण किती वाढले. इतिहासाला आपले स्वतःचे काम आहे हे सर्वांना मान्य आहे. संगीताचे स्वतःचे काम कोणते, हा खरा प्रश्न, आणि तो टाळला गेला आहे.

शेफर यांनी तो टाळला नाही. १८ जुलै १९३३ रोजी ऑन्टारिओतल्या सार्निया या गावी त्यांचा जन्म झाला. डोळ्याच्या विकारामुळे लहानपणीच एक डोळा गेला. चित्रकार व्हायची ओढ होती ती बाजूला ठेवावी लागली, तरी पुढे त्यांच्या स्वरलिपीची पाने चित्रांसारखी सजलेली असत ती त्याच ओढीमुळे. टोरांटोत ते अल्बेर्तो गेरेरो यांच्याकडे पियानो शिकले. विख्यात पियानोवादक ग्लेन गूल्ड हे गेरेरो यांचेच शिष्य. रचनाशास्त्र शिकवायला जॉन वाइन्झ्वाइग होते, ज्यांनी कॅनडात बारा स्वरांच्या मालिकेची आधुनिक पद्धत रुजवली. इतके उत्तम गुरू लाभूनही विद्यापीठाशी त्यांचे जमले नाही. प्राध्यापकांशी खटके उडाले, माफी मागायला ते तयार झाले नाहीत, आणि पदवी न घेताच त्यांना बाहेर पडावे लागले. १९५६ मध्ये ते व्हिएन्नाला गेले, तिथे मध्ययुगीन जर्मन काव्याच्या नादी लागून ‘मिनेलीडर’ ही गीतमाला रचली, मग इंग्लंडमध्ये राहून तिथल्या संगीतकारांच्या मुलाखती घेतल्या आणि कवी एझ्रा पाउंड यांच्या ऑपेराची संहिता बीबीसीच्या १९६२ च्या प्रसारणासाठी सिद्ध केली. हे सगळे औपचारिक शिक्षणाच्या बाहेर घडले, आणि शाळा माणसाला काय देऊ शकते व काय हिरावून घेऊ शकते, यावर बोलण्याचा अधिकार त्यांना त्यातूनच मिळाला असे मला वाटते. कॅनडात परतल्यावर १९६३ ते १९६५ अशी दोन वर्षे न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात काढून ते १९६५ मध्ये व्हँकूवरजवळच्या, नुकत्याच सुरू झालेल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात गेले.

त्यांच्या वर्गात काय चाले ते जवळून पाहिल्याशिवाय पुढचा युक्तिवाद कळायचा नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागात शाळकरी मुलांचा वर्ग घेताना त्यांनी संगीत म्हणजे काय असा प्रश्न टाकला आणि मुलांच्या प्रत्येक व्याख्येला, ती आली की, एक नवा आवाज काढून अडचणीत आणले, एवढे की शेवटी ती मुले एकमेकांच्या व्याख्या स्वतःच तपासू लागली. सायमन फ्रेझरमधल्या वर्गात कागदाचा एक ताव विद्यार्थ्यांच्या हातांतून फिरवायचा, पण त्याचा आवाज होऊ द्यायचा नाही. करून पाहिल्याखेरीज यातली मेख कळत नाही. कागद चिमटीत धरताना होणारी बारीकशी चुरचूर, बोटाचे घासणे, शेजाऱ्याचा श्वास, खुर्चीचे करकरणे हे सगळे एकाएकी कानात भरते, आणि ज्याला आपण शांतता समजत होतो ती किती भरलेली होती ते उमगते. घरचा अभ्यास म्हणून ते सांगत की आधी बद्द असा धप्पकन आवाज आणि त्यापाठोपाठ उंच किलबिलाट असा ध्वनी कुठे सापडतो का ते शोधून आणा. आता असा ध्वनी शोधायला निघालेले मूल संध्याकाळभर दारे, डबे, पाईप, पक्षी, बिजागऱ्या ऐकत हिंडणार. त्याला उत्तर सापडले की नाही याला फारसे महत्त्व नाही. त्या एका संध्याकाळी ते मूल आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच हेतुपूर्वक ऐकत होते.

याच रीतीने १९६८ मध्ये ‘एपिटाफ फॉर मूनलाइट’ ही वृंदगानाची रचना झाली. सातवीच्या, अकरा वर्षांच्या मुलांना त्यांनी सांगितले की चांदण्यासाठी तुमच्या स्वतःच्या गुप्त भाषेत शब्द तयार करा. मुलांनी ‘मालूमा’, ‘शालोवा’, ‘शिव्हरग्लोवा’ असे शब्द आणले आणि त्या शब्दांवरच शेफर यांनी रचना बांधली. तिची स्वरलिपी अशी की पाच रेघांवरचे टिंब वाचता न येणाऱ्या मुलांनाही ती हाती धरून गाता यावी. ही रचना जगभरच्या युवा वृंदांनी गायली आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मुलांना रिझवण्यासाठी केलेली ही सोपी चाल नव्हे. एकमेकांत विरघळणारे स्वरसमूह कानाने तोलून धरण्याचे काम तिच्यात आहे आणि शेजारच्याला ऐकल्याशिवाय ते साधत नाही.

यावर पहिला गंभीर आक्षेप कसबी संगीतकारांचा आहे, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. कागद फिरवून आणि धप्पकन आवाज शोधून कोणी संगीतकार होत नाही, असे ते म्हणतात. संगीत ही वर्षानुवर्षांच्या रियाजाची विद्या आहे. बोटे, घसा, लय ही सारी घासून तयार करावी लागतात. मुलाला तू आहेस तसाच कलावंत आहेस असे सांगणे म्हणजे त्याला शिकण्याच्या कष्टांतून आणि म्हणून शिकण्याच्या सुखातूनही वगळणे आहे. त्या काळात टोरांटोत जर्मन संगीतकार ऑर्फ आणि हंगेरियन संगीतकार कोडाय यांच्या संगीत शिकवण्याच्या पद्धती पाय रोवत होत्या. कार्ल ऑर्फ १९६२ मध्ये तर झोल्तान कोडाय १९६६ मध्ये स्वतः तिथे आले होते. त्या पद्धतींत पायऱ्या आहेत, क्रम आहे, यंदा कुठे होतो आणि पुढच्या वर्षी कुठे पोचलो हे दाखवता येते. शेफर यांच्या वर्गात असा जिना नाही. हा आक्षेप खरा आहे. केवळ त्यांच्या पुस्तकांवर एखाद्या शाळेने आठ वर्षांचा अभ्यासक्रम उभारायचे ठरवले तर तिसऱ्या वर्षी शिक्षकापाशी सांगायला काही उरणार नाही.

परंतु या आक्षेपाने शेफर यांचे म्हणणे खोडले जात नाही, त्याची जागा ठरते. कसबाची परंपरा स्वतः कुठून सुरू होते? आपल्याकडे शिष्याला तान शिकवण्याआधी तानपुऱ्याजवळ बसवतात, षड्ज कानात मुरू देतात, जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, उघडली की बंद पडली ते ओळखायला लावतात. गळ्याआधी कान तयार व्हावा लागतो हे कोणत्याही घराण्याच्या उस्तादाला वेगळे पटवून द्यावे लागत नाही. शेफर यांनी एवढेच म्हटले की ही पहिली पायरी संगीतकार होऊ घातलेल्या मूठभरांपुरती राखून ठेवू नका, ती सर्वांना द्या. आणि ते स्वतः कसबात कमी होते असे म्हणायची कोणाची छाती आहे? त्यांनी १३ तंतुवाद्य चतुष्टये, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना, लिहिली. त्यांतले दुसरे, ‘वेव्ज’, हे त्यांनी समुद्राच्या लाटा ऐकून, एका लाटेपासून दुसरीपर्यंत ६ ते ११ सेकंद जातात हे मोजून, त्या अंतरांवर बांधले, आणि १९७८ मध्ये त्याला ज्यूल्स लेजे पारितोषिक मिळाले. १९६७ मध्ये त्यांनी भगवद्गीतेच्या मूळ संस्कृत श्लोकांवर वृंद, पितळी वाद्ये आणि ध्वनिफीत यांसाठी ‘गीता’ ही रचना केली. १९८७ मध्ये पहिला ग्लेन गूल्ड पुरस्कार दिला गेला तो त्यांनाच. म्हणजे कानाला ऐकायला शिकवणे आणि कसब कमावणे यांत त्यांच्या आयुष्यात कुठेही भांडण दिसत नाही. लाटा मोजणारा कानच चतुष्टय लिहितो आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. शेफर हे विलक्षण व्यक्तिमत्त्व होते, त्यांच्या वर्गात जे घडले ते त्यांच्यामुळे घडले. एखाद्या साध्या शाळेतल्या साध्या शिक्षिकेला, जिच्यापुढे तीस मुले आहेत आणि मागे मुख्याध्यापक आहेत, हे कसे जमावे? शिवाय ते स्वतः किती काळ टिकले? दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, विद्यापीठ सोडून ते ऑन्टारिओतल्या बँक्रॉफ्टजवळच्या एका शेतघरात राहायला गेले. यातला पहिला भाग अंशतः मान्य केला पाहिजे: त्यांच्या पुस्तकांतले संवाद वाचताना शिक्षकाच्या हजरजबाबीपणावर बराच भार आहे हे जाणवते. पण शेतघराबद्दलचा भाग उलटा पडतो. तिथे गेल्यावर त्यांनी काय केले? मेनूथ नावाच्या छोट्याशा गावातल्या लोकांचा वृंद उभा केला, ज्यांतल्या बहुतेकांना स्वरलिपी येत नव्हती, आणि १९७९ मध्ये त्यांच्यासाठी ‘जोना’ हे संगीतनाट्य रचले. शिवाय या कल्पना त्यांच्याशिवाय चालतात की नाही याची परीक्षा इतिहासाने घेतलेली आहे. ब्राझीलमध्ये त्यांच्या पुस्तकांचे पोर्तुगीज भाषांतर १९९१ मध्ये आले आणि तिथल्या संगीतशिक्षकांच्या पिढ्या त्यावर पोसल्या. इंग्लंडमध्ये संगीतकार-शिक्षक जॉन पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास त्याच दिशेने काम केले, आणि पुढे शालान्त परीक्षेत व राष्ट्रीय अभ्यासक्रमात गाणे-वाजवणे आणि ऐकणे यांच्या जोडीने स्वतः रचना करणे हाही सर्व मुलांच्या संगीतशिक्षणाचा भाग झाला. एखाद्या अवलियाच्या वर्गाबाहेर न जाणारी गोष्ट सरकारी अभ्यासक्रमात कशी शिरली असती?

इथवरचा युक्तिवाद शाळेच्या भिंतींच्या आतला होता. पण कानाचे शिक्षण ही सार्वजनिक जबाबदारी आहे असे मी म्हणतो ते शाळेबाहेरच्या आवाजांमुळे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सायमन फ्रेझर विद्यापीठात शेफर यांनी ‘वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्ट’ सुरू केला. हिल्डेगार्ड वेस्टरकाम्प, बॅरी ट्रुअॅक्स यांच्यासारखे तरुण सहकारी घेऊन त्यांनी १९७३ मध्ये व्हँकूवर शहराच्या ध्वनींची नोंद प्रसिद्ध केली: बंदरातले भोंगे, घंटा, जहाजांची ये-जा. १९७५ मध्ये ते युरोपात गेले आणि स्वीडन, जर्मनी, इटली, फ्रान्स व स्कॉटलंड इथल्या एकेका गावाचा आवाज त्यांनी टिपला. १९७७ च्या ‘द ट्यूनिंग ऑफ द वर्ल्ड’ या ग्रंथात त्यांनी त्यातून सिद्धान्त मांडला. त्यातला मला कळीचा वाटणारा विचार असा की गोंगाट हा न ऐकण्याचा परिणाम आहे. ज्या समाजाचे कान मिटले आहेत तो समाज आवाज वाढू देतो, कारण वाढलेले त्याला कळतच नाही. नियम करून, डेसिबल मोजून, दंड करून गोंगाट आवरण्याचे प्रयत्न म्हणूनच अर्धेमुर्धे राहतात. कायदा तक्रारीवर चालतो आणि तक्रार करायला आधी ऐकू यावे लागते. ‘नको असलेले आवाज कोणते’ एवढ्यावर थांबलेल्या नागरिकाला ‘कोणते आवाज राखायला हवेत’ हे सांगता येत नाही, आणि जे राखायचे तेच माहीत नसेल तर लढणार कशासाठी? जपानने याचे एक उत्तर दिले आहे. तिथे शेफर यांचे विचार रुजले आणि १९९६ मध्ये पर्यावरण खात्याने नागरिकांकडून सूचना मागवून देशातली जपण्याजोगी शंभर ध्वनिस्थळे निवडली. भोंग्यांवर बंदी घालण्यापेक्षा हे काम अवघड आहे, कारण त्यासाठी ऐकणारी माणसे आधी असावी लागतात. ती घडवायची कुठे? ज्या एकाच जागी सगळी मुले सक्तीने एकत्र येतात ती जागा शाळा आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो आणि तो शेफर यांच्या चाहत्यांनी फार काळ कानाआड केला आहे. शेफर यांचा निसर्ग हा बराचसा रिकामा, माणसांविना निसर्ग आहे. शहराच्या आवाजाबद्दल त्यांच्या मनात अढी होती. कारखाना, रस्ता, रेडिओ यांच्या मिश्र गलक्यात ज्या कष्टकरी माणसांचे आयुष्य जाते त्यांना तो गलका कधी आपलाही वाटतो, याची दखल त्यांच्या लेखनात पुरेशी नाही. १९७३ च्या ‘नॉर्थ/व्हाइट’ या रचनेत वाद्यवृंदासोबत बर्फावर चालणारी मोटरगाडी मंचावर सुरू करून त्यांनी उत्तरेकडच्या शांततेवरच्या आक्रमणाचा निषेध केला. पण त्या उत्तरेत राहणाऱ्या लोकांना त्या गाडीची गरज असते. त्याहून गंभीर बाब अशी की १९८१ मध्ये टोरांटोजवळच्या हार्ट लेकवर पहाटे सादर झालेल्या ‘प्रिन्सेस ऑफ द स्टार्स’ या संगीतनाट्यात त्यांनी आदिवासी कथांच्या धर्तीवर स्वतः रचलेली पुराणकथा वापरली, आणि तरुणपणी तर उत्तरेकडच्या आदिवासी इनुइट लोकांच्या गायनाविषयी त्यांनी तुच्छतेने लिहिले होते. ज्या देशाने आदिवासी मुलांना घरातून उचलून निवासी शाळांत कोंबले आणि त्यांच्या भाषा व गाणी मोडली, त्या देशात हे साधे सांस्कृतिक आदानप्रदान म्हणून सोडून देता येत नाही. आणि त्या निवासी शाळांच्या उभारणीशी ज्यांच्या शिफारशी जोडल्या जातात ते रायरसन आणि शाळांत गायन आणू पाहणारे रायरसन एकच आहेत, हेही इथे विसरून चालणार नाही. स्टोलो या आदिवासी समाजातले अभ्यासक डिलन रॉबिन्सन यांनी दाखवून दिले आहे की वसाहत करणाऱ्यांचा कान हा भुकेला कान आहे. तो समोरच्याचे गाणे ऐकतो ते साधनसामग्री म्हणून, जणू उचलून न्यायचा माल म्हणून.

ही टीका मी पूर्ण मान्य करतो आणि तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र वेगळा काढतो. ऐकणे ही निरागस, निसर्गदत्त क्रिया नाही. ते शिकलेले असते, त्यात सत्ता असते, सवयी असतात, आंधळ्या जागा असतात, हेच तर रॉबिन्सन सांगतात. मग जी क्रिया इतकी घडवलेली आहे ती शिकवण्याचा विषय नाही असे कसे म्हणता येईल? शेफर यांनी विचारले की तुम्ही काय ऐकता. आज वर्गात त्याला आणखी प्रश्न जोडावे लागतील: हे गाणे कोणाचे आहे, ते ऐकण्याची परवानगी मला आहे का, माझ्या कानाला जे बेसूर वाटते ते तसे का वाटते? तरुण शेफर यांच्या कानात जो दोष होता तो कमी ऐकण्याचा दोष होता, आणि त्यावरचा उपाय अधिक शिक्षित कान हाच आहे. त्यांच्या ‘अँड वुल्फ शॅल इनहेरिट द मून’ या प्रकल्पात दरवर्षी ऑगस्टमध्ये हॅलिबर्टनच्या जंगलात साठेक माणसे आठवडाभर एकत्र राहत आणि प्रेक्षकांविना, स्वतःपुरते सादरीकरण करत. त्यातला विधींचा आव मला पटत नाही, पण तिथे कोणी नुसता बघ्या नव्हता ही गोष्ट मोलाची आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा वाद दूरचा वाटू नये. दहावीला शास्त्रीय गायन, वादन, नृत्य यांच्या मान्यताप्राप्त परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे वाढीव गुण मिळतात. कलेचा मान राखण्याचा हेतू चांगला आहे, हे मान्य. पण परिणाम काय होतो? संगीताची किंमत पुन्हा दुसऱ्याच विषयांच्या बेरजेत मोजली जाते, टक्केवारीला हातभार म्हणून. आणि ते गुण बहुधा त्या मुलाला मिळतात ज्याच्या घरी खासगी शिकवणीची फी परवडते. वर्गातल्या उरलेल्या चाळीस-पन्नास मुलांचा कान तसाच राहतो. तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे, असे आपण म्हणत आलो. कानसेन घडवण्यासाठी मात्र वेळापत्रकात जागा केली नाही. मंडपातल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींचा आवाज छातीत धडधडतो तेव्हा आपण पोलिसांना दोष देतो, उत्सव मंडळांना दोष देतो. तो आवाज ज्यांना सुखाचा वाटतो ती मुले आपल्याच शाळांतून बाहेर पडलेली आहेत आणि त्यांना तिथे ऐकण्याचा एकही धडा मिळालेला नाही, याबद्दल बोलणारा क्वचितच भेटतो.

राहता राहिला मूल्यमापनाचा आणि खर्चाचा प्रश्न, जो शाळा मंडळाच्या प्रत्येक बैठकीत अखेरीस येतोच. त्याला उत्तर आहे. वर्षाच्या सुरुवातीला मुलाला सांगावे की घरापासून शाळेपर्यंत जे जे ऐकू आले ते लिही. जवळचे, दूरचे, एकदाच झालेले, सतत चालणारे, माणसाचे, यंत्राचे, पाखराचे. वर्षअखेरीस तेच पुन्हा लिहायला लावावे आणि दोन्ही कागद शेजारी ठेवावेत. यादी लांबली का, आवाज वेगळे काढता आले का, त्यांची उंची, लांबी, पोत सांगता आला का, हे कोणत्याही शिक्षकाला तपासता येते. मग त्या यादीतले चार आवाज घेऊन चौघाचौघांच्या गटाने दोन मिनिटांची रचना करावी आणि वर्गापुढे सादर करावी. गाणे आणि वाद्य यांचे कसब त्याच्या जोडीने, त्याच्या क्रमाने चालू राहावे. ज्याला त्यात पुढे जायचे त्याला उत्तम गुरू मिळावा. यासाठी संगीताची वेगळी खोली नसली तरी अडत नाही. आठवड्याचा एक तास आणि महिन्यातून एकदा वर्गाबाहेर पडण्याची मुभा एवढे लागते, आणि मंडळापुढे उभे राहून मागायचे ते एवढेच, गणिताच्या गुणपत्रिका सोबत न जोडता.